जुळ्याचा चुरा

मॉड पेनफोल्डचा उजवा हात बुधवारी मोडला, आणि रविवार उजाडेपर्यंत तो कुणामुळे मोडला याचा निकाल घरातल्या प्रत्येकानं आपापल्या मनाशी लावून टाकला होता. मुलगा रॉडरिक याच्या मते बेकरीची सैल पायरी बसवून घेणं हे भाची टॅम्सिनचं काम होतं. टॅम्सिनच्या मते पायरी ठीक होती, तिच्यावर फरशीचं मेण फासणारी हिलरीमामी ठीक नव्हती. हिलरीच्या मते जी सासू त्र्याहत्तराव्या वर्षी पिठाचं पोतं एकटीनं ओढायला जाते, तिला पडायला पायरी लागतच नाही. खुद्द मॉडला विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून खुर्चीत बसली होती आणि सगळ्यांकडं भट्टीच्या काचेतून केककडं पाहावं तशी पाहत होती: कोण फुगतंय, कोण बसतंय, आणि कोण नुसतंच करपतंय.

हात एरवी कधी मोडला असता तर निभावून गेलं असतं. पण हा चुऱ्याचा रविवार होता.

पेनफोल्डांच्या घरात काळ वर्षांनी मोजत नाहीत, केकांनी मोजतात. अमका खांबवाल्या केकच्या साली जन्मला, तमकी बेदाण्याच्या केकच्या आदल्या हिवाळ्यात गेली. खांबवाला केक मॉडच्या आजेसासऱ्यांचा. तो इतका उंच झाला की बेकरीच्या दाराची चौकट फोडून बाहेर काढावा लागला, आणि लंडनला पोचेपर्यंत त्याचे साखरेचे खांब खालच्या मजल्यात घुसून बसले. राजवाड्यानं ती नवी फॅशन समजून कौतुक केलं. दुसरा केक मॉडच्या सासूचा, ॲग्नेसचा. युद्ध संपलं होतं पण रेशन संपलं नव्हतं, आणि त्या केकसाठी बेदाणे वसाहतींतून बोटीनं आले होते. तिसरा मॉडचा, टेलिव्हिजनवर दिसलेला. त्यात केक दिसला तो क्षणभर आणि त्याच्यापुढं उभ्या राहिलेल्या बिशपांची पाठ दिसली ती भरपूर.

राजवाड्याचा केक करायचा तो जोडीनं, हा घरचा नियम. एक जातो. दुसरा, त्याचा जुळा, वाटेत काही आक्रीत घडलं तर हाताशी असावा म्हणून मागं थांबतो. लग्न निर्विघ्न पार पडलं की जुळा दुकानाच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत बसतो. टेलिव्हिजनवाल्या केकचा जुळा नगरपालिकेनं गावजेवणासाठी मागून नेला, त्यामुळे पेटीत अजून ॲग्नेसचाच होता: तीन मजली, पांढराशुभ्र नसला तरी पांढरा, रेशनच्या काळात एवढी साखर पाहून बायका ज्याच्यापुढं रडल्या होत्या तो.

आणि नवा केक कालवताना जुन्या जुळ्याचा चमचाभर चुरा त्यात पडलाच पाहिजे. दह्याला विरजण लागतं तसं. म्हणजे आजच्या केकमध्ये आजीचा केक, आजीच्या केकमध्ये तिच्या सासऱ्यांचा, असं मागं मागं जात राहायचं. चुरा काढायचा तो घराच्या कर्त्या माणसानं, एकट्यानं, पेटीचा पडदा ओढून. एकट्यानंच का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. इंग्रज माणूस रूढीला दोनच गोष्टी विचारतो: केव्हापासून, आणि चहा आधी की नंतर.

याच चुऱ्याच्या गोष्टीवर भाळून राजवाड्यानं लंडनच्या बड्या केकवाल्यांना बाजूला सारून जूनमधल्या लग्नाचं काम पेनफोल्डांना दिलं होतं. आज चहाला राजवाड्याकडचे फॅनशॉ साहेब जातीनं येणार होते, चुरा पडताना पाहायला.

मॉडनं सकाळीच जाहीर केलं होतं, "माझा हात हा असा. चुरा टॅम्सिन काढेल."

म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पडद्यामागं जो जातो, भट्टी त्याची.

*

रॉडरिकला भट्टी नको होती. भट्टीचा त्याला लहानपणापासून घाम येई. त्याला हवं होतं ते नाव. एक बिस्किट कंपनी पेनफोल्ड हे नाव विकत घ्यायला तयार होती. भट्टी बंद करायची, दुकानाचं छोटं संग्रहालय करायचं, आणि टॅम्सिननं पांढरी टोपी घालून पर्यटकांना हात हलवून दाखवायचा, अशी एकूण योजना होती. माहितीपत्रकही त्यानं छापून घेतलं होतं. 'चार पिढ्यांचा अखंड चुरा' असं त्याच्यावर सोनेरी अक्षरांत होतं. टॅम्सिननं ते वाचून भट्टीत घातलं होतं.

"आई, पडदा वगैरे तुझ्या काळी ठीक होतं," तो पेटीपुढं उभा राहून म्हणाला. "आता पारदर्शकतेचे दिवस आहेत. चुरा सगळ्यांसमोर निघू दे."

"काय पारदर्शक आहे? पडदा?" सेप्टिमसकाकांनी कोपऱ्यातून विचारलं. मॉडचे हे धाकटे दीर. त्यांना ऐकू कमी येत असे. कधी कमी यायचं हे ते स्वतः ठरवत असत.

"मामा, सरळ म्हण ना, माझ्यावर भरवसा नाही म्हणून," टॅम्सिन म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत लोण्यात होते. तिशीची मुलगी, आई लहानपणीच गेलेली, आजीच्या हाताखाली वाढलेली. मागच्या टेबलावर मोठ्या पातेल्यात ब्रँडीत मुरलेले बेदाणे, मनुका आणि संत्र्याच्या साली चुऱ्याची वाट पाहत होत्या.

"भरवसा आहे गं. म्हणून तर नजर ठेवतोय."

"किल्ली दे बाई त्याला," हिलरी म्हणाली. "नाहीतर हे असंच फॅनशॉ साहेब येईपर्यंत चालू राहील."

टॅम्सिननं किल्ली टेबलावर आपटली. रॉडरिकनं पेटी उघडली आणि चांदीची सुरी उचलली.

"रॉडरिक," मॉड म्हणाली. "सुरी खाली ठेव."

हा आवाज त्यानं एकदाच ऐकला होता, सात वर्षांचा असताना, एका बारशाच्या केकमध्ये बोट खुपसलं तेव्हा. तेव्हा त्यानं बोट काढलं होतं. आता त्याचं डोकं टकलाकडं झुकलं होतं, खिशात बिस्किट कंपनीचं कार्ड होतं. आयुष्यभर सुऱ्या खाली ठेवत आलेल्या माणसाच्या जिद्दीनं त्यानं ती सर्वांत खालच्या मजल्यात घुसवली.

टक्क, असा आवाज आला.

केकचा आवाज असा येत नाही. रॉडरिकनं पुन्हा, जरा रागानं, घाव घातला. तळहाताएवढा ढलपा निघून जमिनीवर पडला आणि पांढरी भुकटी त्याच्या कोटावर उडाली. त्यानं ती बोटाला लावून जिभेवर ठेवली. त्याचा चेहरा बदलला.

"प्लास्टर आहे."

टॅम्सिननं त्याला बाजूला सारून भोकातून आत पाहिलं. आत गोणपाटात गुंडाळलेली एक वीट होती. तिच्यामागं आणखी एक.

सेप्टिमसकाका खुर्चीतून पुढं वाकले.

"वीट चांगली आहे," ते म्हणाले. "हल्ली अशा मिळत नाहीत."

*

"चोरी!" रॉडरिक म्हणाला. "कुणीतरी केक उचलला आणि जागेवर हे बुजगावणं ठेवलं. आणि बाहेरच्याला जमायचं नाही हे. बघा ना काम. प्रत्येक पाकळी जागेवर. हे करायला साचे करता आले पाहिजेत. कलाशाळेत दोन वर्षं मातीत हात घातलेलं कुणीतरी पाहिजे."

सगळ्यांनी टॅम्सिनकडं पाहिलं. कलाशाळेत जाऊन आलेली घरात तीच होती. हिलरीनंही पाहिलं, पण जरा उशिरा.

"मी?" टॅम्सिन म्हणाली. "मी माझ्या पणजीचा केक चोरून काय करू? खाऊ?"

"हौशी लोक असतात जगात. राजघराण्याच्या केकचा तुकडा काचेत ठेवायला काय वाट्टेल ते करतात."

"आणि ते मला कसं माहीत असणार? तुझ्याच तोंडून ऐकलं मी ते, मामा. गेल्या नाताळात. जेवताना. तुझे डोळे चमकत होते."

"माझे डोळे चमकतातच."

"आणि त्या कंपनीच्या फोटोवाल्याला पेटी कुणी उघडून दिली? मी मैत्रिणीकडं डोव्हरला गेले होते तेव्हा? दुपारभर होता म्हणे. एका केकचे फोटो काढायला दुपार लागते? केक काय मान वळवतो?"

 





"तो फोटोवाला होता तेव्हा मी इथून हललो नव्हतो," रॉडरिक म्हणाला.

"हललास," हिलरी म्हणाली. ती बोलून गेली आणि मग तिला वाटलं, बोलायला नको होतं. "म्हणजे, सिगारेट ओढायला गेला होतास तू. मागच्या अंगणात."

रॉडरिकनं बायकोकडं असं पाहिलं की जणू विटेनंच तोंड उघडलं.

"मी सिगारेट सोडली आहे."

"हो ना. मलाही तेच सांगितलं होतंस."

आता हिलरीला विषय बदलणं भागच होतं. "आपण एकमेकांवर काय धावून जातोय? डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून दुकानात कोण घुटमळतं? परवा जॅमच्या बरणीत चमचा कुणाचा निघाला?"

सेप्टिमसकाकांनी कानामागं हात धरला. "काय म्हणाली?"

"म्हणाली की तुम्ही केक खाल्ला, आजोबा," टॅम्सिन ओरडून म्हणाली.

"कधी?"

"तेच विचारतोय आम्ही!"

"आठवायला लागेल," काका म्हणाले आणि डोळे मिटून खरोखर आठवायला लागले.

"ते जाऊ दे," रॉडरिक म्हणाला. "किल्ली आईचा हात मोडल्यापासून कुणाकडं आहे? टॅम्सिनकडं. साचे कुणाला येतात? टॅम्सिनला. चुरा पडद्यामागं, एकटीनं काढायचा हट्ट कुणाचा? तिचाच. म्हणजे कुणाला कळायला नको. मी पोलिसांत जाणार नाही, घरातली गोष्ट आहे. पण जिनं मूळ केक विकला तिच्या हातात भट्टी? फॅनशॉ साहेबांना मी सांगेन की केक आम्ही कंपनीच्या कारखान्यात करून देतो. तिथं निदान कुलपं चांगली आहेत."

टॅम्सिननं हात पुसले. एकेक बोट, सावकाश. मग तिनं पाठीमागं हात नेऊन ॲप्रनची गाठ सोडायला सुरुवात केली. गाठ ओली होती, सुटेना. कुणी मदत केली नाही. आजीही नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती आजीकडं पाहत राहिली आणि मॉड उशीवरच्या आपल्या हाताकडं.

*

हिलरी मधल्या वेळात पेटीपाशी गेली होती. या पेटीची काच आठवड्यातून दोनदा पुसायचं काम सव्वीस वर्षं तिचं होतं. पेनफोल्डांच्या घरात सुनेला इतिहास मिळतो तो पुसायला. केकचा प्रत्येक गुलाब तिला पाठ होता. कुठल्या पाकळीला टवका गेलाय, कुठं माशीनं ठिपका टाकलाय, सगळं. तिनं भोवतीनं पाहिलं, वाकून मागच्या बाजूनं पाहिलं, आणि सरळ झाली तेव्हा तिला नवऱ्यापेक्षा बरंच जास्त कळलेलं होतं.

"आई, तुम्हाला गोळी घ्यायची आहे ना," ती म्हणाली. "चला, पाणी देते."

भांडी घासायच्या खोलीत तिनं नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"मागच्या लग्नाच्या वेळी तुम्ही चुरा कुठून काढला होतात?"

"पडद्यामागून," मॉड म्हणाली.

"केकला कुठून काढलात, असं विचारतेय. सुरी कुठं लावलीत? कारण आज रॉडरिकनं पाडलेलं भोक सोडलं तर त्या केकला दुसरं भोकच नाही, आई."

मॉडनं गोळी जिभेवर ठेवली. मोडका हात असला की गोळी गिळायला जास्त वेळ घेता येतो.

"सव्वीस वर्षं काच पुसतेस," ती म्हणाली. "मला वाटायचं तू काचच पाहतेस."

"मी काही बोलणार नाही. पेटीचं काय ते तुमचं तुम्ही जाणा. फक्त कंपनीच्या कागदांवर सही करा. डाव्या हाताची चालते, मी विचारून ठेवलंय."

"केव्हा विचारलंस?"

"बुधवारी."

"बुधवारी," मॉड म्हणाली. "मेण फासून झाल्यावर, की आधी?"

हिलरीनं नळ बंद केला.  इतक्या वर्षांच्या सासू-सुनेत आदर निर्माण व्हायला कधीकधी अशीच एखादी घटका लागते.

मॉडला सही करता आली असती. तोंड बंद ठेवता आलं असतं. तिनं ॲग्नेसला शब्द दिला होता, मरताना, हातात हात घेऊन. ॲग्नेस भावुक बाई नव्हती. हात तिनं मॉड पळून जाऊ नये म्हणून धरला होता. 'पेटीचं पेटीत,' ती म्हणाली होती. मेलेल्या बाईला दिलेला शब्द एका पारड्यात आणि दुसऱ्यात नात. मॉडनं आयुष्यभर पारड्यांतच दिवस काढले होते. कुठलं खाली जातंय ते तिला न पाहताही कळत असे.

ती बाहेर आली तेव्हा ॲप्रनची गाठ सुटली होती. टॅम्सिननं तो घडी घालून पिठाच्या डब्यावर ठेवला होता.

"माझं सामान घेऊन जाते," ती म्हणाली. "बेदाण्यांना अर्ध्या तासानं एकदा ढवळा. मामा, लाकडी चमच्यानं. लोखंडानं काळे पडतात."

"बस खाली," मॉड म्हणाली. "तिनं काही चोरलेलं नाही."

"आई, तू भावनेच्या..."

"मी खाल्ला," सेप्टिमसकाका म्हणाले.

सगळे वळले. काकांचे डोळे उघडले होते आणि चेहरा एकदम उजळला होता, हरवलेला चष्मा नाकावरच सापडावा तसा.

"आठवलं. मीच खाल्ला. दोन तुकडे. दुसरा मागितला तेव्हा आईनं उलथन्यानं हातावर मारलं, पण दिला. वहिनी, तुम्हीच तर वाढलात तो. पांढऱ्या हातमोज्यांनी."

"भावजी," मॉड म्हणाली.

"सगळ्या आळीनं खाल्ला! पोलिसानंसुद्धा खाल्ला. टोपी काढून."

"कसला केक? कुठली आळी?" रॉडरिकचा आवाज चिरकला.

"माझ्या लग्नातला," मॉड म्हणाली आणि खुर्चीत बसली.

*

"तेव्हा साखरेच्या आयसिंगला बंदी होती," ती म्हणाली. "कायद्यानं. नवरी असली तरी. मग बेकऱ्या प्लास्टरची टोपणं भाड्यानं द्यायच्या. तीन मजली, गुलाबबिलाब सगळे. फोटोत झकास दिसायचं. फोटो झाला की टोपण उचलायचं, खाली असायचा वीतभर उंचीचा केक, गाजराचा नाहीतर अंड्याच्या पावडरीचा. आपल्या दुकानात अशी सहा टोपणं होती. गावातल्या सगळ्या नवऱ्या त्याच सहांशी लग्न करायच्या."

टॅम्सिन हसली नाही, पण पिठाच्या डब्यावर टेकली.

"राजवाड्याचा केक गेला, लग्न लागलं. जुळा फळीवर उरला. आणि पुढच्याच शनिवारी माझं आणि तुझ्या बापाचं. टोपण पुसून तयार होतं, खाली गाजराचा केक. मी तेव्हा दुकानात कामाला होते. सासूबाई भट्टीत आल्या. गाजराकडं पाहिलं. जुळ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, 'माझा आर्थर सहा वर्षं वाळवंटात डबाबंद मटण खाऊन आला, आणि लग्नात त्यानं गाजर खायचं? राणीच्या लेकीला लागलं तेवढं लागलं. हा उरलाय तो कुणाला दाखवायला?' मी म्हटलं, दुकानात ठेवायचाय ना, काचेत. तर म्हणाल्या, 'काचेतून कुणाला चव कळते?'"

"मग?" हिलरीनं विचारलं. ती नकळत बसली होती.

"मग काय. टोपणाखाली जुळा ठेवला. आयसिंग खरवडून काढलं, ते पोरांना वाटलं. हॉलमध्ये फोटो झाला, टोपण उचललं, सगळे गाजराच्या तयारीनं उभे होते. आणि खाली तो काळाभोर. ब्रँडीचा वास आला तशी आळी गप्प झाली. कुणीतरी उठून पडदे ओढले. एक शब्द न बोलता खाल्ला सगळ्यांनी. माझ्या शेजारची म्हातारी बेदाणा तोंडात धरून बसली होती, चावेचना. संपेल म्हणून."

"पोलीस रडला," काका म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी. टोपण होतंच. वजन लागावं म्हणून विटा. झालं."

रॉडरिक टेबलाला धरून उभा होता. माणसाचा धर्म जातो तेव्हा त्याला आधी छपाईचा खर्च आठवतो. "पण टेलिव्हिजनवाला केक... तू पडद्यामागं गेलीस. चांदीच्या चमच्यात चुरा घेऊन बाहेर आलीस. मी पाहिलं. मी होतो तिथं!"

"सकाळचा बन होता. जरा करपलेला. रंग जमावा म्हणून."

"अखंड चुरा," टॅम्सिन हळूच म्हणाली. "चार पिढ्यांचा."

"हसू नकोस!"

"मी कुठं हसतेय, मामा. तू अजून माझी माफी मागायचा आहेस. त्याची वाट पाहतेय."

दुकानाच्या दाराची घंटा वाजली.

काचेतून काळी छत्री आणि तिच्याखाली फॅनशॉ साहेब दिसले. इंग्रजांच्या राजवाड्याला माणूस वेळेवर पाठवता येतो, पण वेळेआधी पाठवायची कलाही त्यांना अवगत आहे.

"हिलरी, तू बाहेर जा. हवामानावर बोल," रॉडरिक कुजबुजला. "काका, तुम्ही बहिरे."

"काय?" काका म्हणाले.

"उत्तम." मग तो टॅम्सिनकडं वळला. प्लास्टरची भुकटी अजून त्याच्या कोटावर होती. "ढलपा चिकटेल का? तुला येतं ना हे? तू कलाशाळेत..."

"साचे करणाऱ्या चोरट्या पोरींना येतं हे," टॅम्सिन म्हणाली. "पण मी नोकरी सोडली आहे. आणि केक कारखान्यात होणार आहे ना? चांगल्या कुलपांच्या?"

बाहेर हिलरी सांगत होती की यंदा पाऊस लवकर आला. फॅनशॉ म्हणत होते की उलट, उशिरा आला. दोघंही आनंदात होती.

"काय पाहिजे तुला?" रॉडरिकनं विचारलं.

"मला काही नको. चुरा कुणी काढायचा ते तू सांगायचंस. त्यांच्यासमोर. मोठ्यानं."

रॉडरिकनं आईकडं पाहिलं. मॉड हाताकडं पाहत होती; आज तिला त्या प्लास्टरमध्ये बरंच काही दिसत होतं. मग त्यानं खिशातलं कार्ड काढलं, त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि ते परत खिशात ठेवलं. पण दुसऱ्या खिशात, रुमालाच्या खाली.

टॅम्सिननं ॲप्रन उचलला. साखरेचं आयसिंग वाटीत तयार होतंच. ढलपा जागेवर बसला, फट लिंपली गेली, पेटी अर्धी वळवून खालचा फुटका गुलाब मागं गेला. पन्नास वर्षांत त्या केकला साखर लागली ती पहिल्यांदा.

*

फॅनशॉ साहेबांनी टोपी काढली आणि पेटीपुढं बराच वेळ उभे राहिले. "आमच्या आईनं हा पाहिला होता," ते म्हणाले. "मुद्दाम गाडी करून आली होती. म्हणायची, त्या दिवसांत एवढी साखर एका जागी पाहिली की वाटलं, आता युद्ध खरंच संपलं."

काका फारच बहिरे झाले.

"तर, चुरा श्रीमती पेनफोल्ड काढणार? पण हात..."

"नाही," रॉडरिक म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "या वेळेपासून टॅम्सिन. भट्टी आता तिची आहे."

हिलरीनं नवऱ्याकडं पाहिलं, मग सासूकडं, आणि चहाचा ट्रे आणायला गेली. ट्रेवर बनांची ताटली होती. एका बनाचा कोपरा खाल्लेला होता. तो कुणी खाल्ला याची आज चौकशी होणार नव्हती. ताटली पेटीशेजारी ठेवून हिलरी तिच्यासमोर उभी राहिली. अंगानं ती रुंद होती. आज पहिल्यांदाच ते घराच्या कामी आलं.

टॅम्सिननं पडदा ओढला. आत तिला आपलाच श्वास ऐकू येत होता. समोर प्लास्टरचे गुलाब, ओलं आयसिंग, हातात चांदीचा चमचा. बाहेर फॅनशॉ साहेब खालच्या आवाजात विचारत होते की असा क्षण पाहताना घरच्यांना काय वाटतं. "दडपण येतं," रॉडरिक अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

ती बाहेर आली. चमच्यात तपकिरी चुरा होता. साहेबांनी वाकून वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ब्रँडी. अजून. किती वर्षांनी." मागच्या टेबलावरच्या पातेल्याचा वास खोलीभर होता. ब्रँडी पातेल्यातून येते की इतिहासातून, हे नाकाला कळत नाही.

चुरा पडला. टॅम्सिननं लाकडी चमच्यानं ढवळलं, आजी शिकवायची तसं, एकाच दिशेनं.

साहेब गेले, छत्री वळली, हिलरीनं दुकानाला आतून कडी घातली. रॉडरिक अंगणात सिगारेट ओढायला गेला आणि या वेळी सांगून गेला. टॅम्सिन आजीच्या खुर्चीपाशी येऊन उकिडवी बसली.

"आजी, एक विचारू? तुझा बन होता. माझा बन होता. ॲग्नेस पणजीनं तिच्या केकमध्ये कशाचा चुरा घातला? खांबवाल्याच्या जुळ्याचाच ना?"

मॉडनं तो कोपरा खाल्लेला बन उचलला, डाव्या हातानं, आणि त्याचा आणखी एक घास घेतला.

"मी त्या पडद्याबाहेर उभी होते," ती चावत म्हणाली. "त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या ओठाला जॅम लागला होता. मी विचारलं नाही."

टॅम्सिन उठली. तिनं पेटीला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली खिळ्याला न अडकवता ॲप्रनच्या खिशात टाकली.